एक्स्प्लेनर : हर्पिस कुणाला, कधी गाठतो? प्रश्न वयाचा आणि दाटीवाटीचा

‘हर्पिस’ म्हटलं की अनेकांना आधी चारित्र्याची शंका येते. पण ओठांवरचे पाणीदार फोड, कांजिण्या आणि नागीण हे सगळे हर्पिस कुटुंबातल्या विषाणूंचेच आजार आहेत. ते कुणाला आणि कधी होतात, हे बऱ्याच अंशी वय आणि राहणीमान ठरवतं.

ओठांवरचा हर्पिस

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अंदाजानुसार ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांच्या शरीरात एचएसव्ही-१ विषाणू आहे. लाळ आणि स्पर्शातून तो बहुतेकदा बालपणीच येतो. घरात दाटी असेल तर लवकर, ऐसपैस घरात उशिरा. जननेंद्रियांचा हर्पिस मुख्यतः एचएसव्ही-२ मुळे, लैंगिक संबंधांतून होतो. तोही आजारच आहे, लपवून बरा होत नाही.

कांजिण्यांचं गणित वेगळं

थंड देशांत कांजिण्या बहुतेकांना लहानपणीच होतात. उष्ण प्रदेशांत मात्र अनेक जण तरुणपणापर्यंत त्यातून सुटलेले असतात. मोठेपणी झाल्या तर न्यूमोनियाचा धोका वाढतो. शिवाय फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण पसरू लागते. अशा वेळी सातपूर-अंबडला एका खोलीत चार-पाच जण राहणारे कामगार, वसतिगृहातली मुलं किंवा आश्रमशाळांतले विद्यार्थी काय करणार? ‘खपल्या धरेपर्यंत वेगळं राहा’ हा सल्ला दुसरी खोली असलेल्यालाच पाळता येतो.

आणि नागीण?

कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि बहुतेकदा पन्नाशीनंतर पुन्हा डोकं वर काढतो. नागिणीची टोकं जुळली की माणूस दगावतो, हा समज खोटा आहे. झाडफूक करण्यात वेळ घालवू नका. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर जास्त उपयोग होतो.

मग करायचं काय?

कांजिण्यांची लस अमेरिकेत १९९५ पासून दिली जाते. आपल्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती अजून नाही, खासगी दवाखान्यात पैसे मोजावे लागतात. म्हणजे ज्यांच्या घरात दाटी जास्त, त्यांनाच लस परवडत नाही. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. सुरुवात आश्रमशाळांपासून व्हावी : मुलांना मोफत लस आणि प्रत्येक शाळेत आजारी मुलासाठी एक वेगळी खोली. कारखान्यांनीही कांजिण्या झालेल्या कामगाराला भरपगारी रजा द्यावी. पगार कापला जाणार असेल, तर तो फोड झाकून कामावर येणारच.