नांवामागचे अंक

पोंभुर्ण्यास पत्र धाडतांना आपण गांवाचें नांव लिहितों. टपाल वेगळें करणारा कारकून मात्र आधीं पिनकोड पाहतो. आरंभीं ४४ दिसले कीं विदर्भ! ही अंकयोजना संस्कृत कवि श्रीराम भिकाजी वेलणकर यांची, १९७२ सालची. इंटरनेटवरही असाच प्रकार आहे. नांवावरून अंकी पत्ता काढून देणारी व्यवस्था १९८३ सालीं पॉल मोकापेट्रिस यांनीं योजिली. ती केवळ पत्ता सांगते. वाट ठरविणें निराळ्या यंत्रांचें काम. २०१४ पासून नांवाशेवटीं ‘.भारत’ लिहितां येतें, पण आंत त्याचीं रोमन अक्षरेंच होतात, हें मनास किंचित् लागतें. आणि पत्ता सांगणारानेंच खोटे अंक दिले, तर पेढीचें नांव बिनचूक लिहूनही मनुष्य चोराच्या दारीं जाऊं शकतो.