केबल माझी, वायफाय तुझं!

सकाळचे साडेनऊ. अकराला माझ्या रूमीचा इंटरव्ह्यू, तोही व्हिडिओवर. आणि हॉलमधल्या राउटरचा वायफायचा दिवा गुल!

आदल्या रात्री वळवानं कोथरूडात नुसता धिंगाणा घातला होता. दोनदा लाइट गेले आणि तिसऱ्यांदा आले ते फाट्कन आवाज करतच. फ्रिज वाचला, गीझर वाचला. राउटर मात्र अर्धाच वाचला. म्हणजे पॉवरचा दिवा चालू, इंटरनेटचा दिवा चालू, फक्त वायफाय नाही. वीस वेळा बंद-चालू केला, फुंकर मारली, चापट मारली. ढिम्म!

रूमीचा जॉब दोन महिन्यांपूर्वी गेलाय. कंपनीनं 'रिस्ट्रक्चरिंग' असं गोंडस नाव देऊन मेल पाठवला आणि लॅपटॉप काढून घेतला. त्यामुळे इंटरव्ह्यू फोनवरच. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, तिन्ही बाजूंना बिल्डिंगा. मोबाइलची रेंज सापडते ती एकाच ठिकाणी, बाथरूमच्या खिडकीत. आता 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ'चं उत्तर बादलीवर बसून द्यायचं का? माझा लॅपटॉप दिला असता, पण त्याचा कॅमेरा वर्षभरापासून आंधळा आहे. 'अगं, आज नाही झाला तर पुढच्या महिन्याचं भाडं मी कुठून देऊ?' असं म्हणून ती रडायच्या बेतात. आणि मी ड्रॉवर उपसतेय.

ड्रॉवरमध्ये राउटरच्या खोक्यातून आलेली लॅन केबल सापडली. एक टोक राउटरच्या मागच्या पोर्टात, दुसरं माझ्या जाडजूड जुन्या लॅपटॉपात. (स्लिम लॅपटॉपवाल्यांनो, तुमच्याकडे हे पोर्टच नसतं. यूएसबीला लावायचा छोटा लॅन अ‍ॅडॉप्टर घेऊन ठेवा.) आणि काय सांगू, नेट सुरू! वायफाय मेलं होतं, तार जिवंत होती.

आता खरा फंडा. एरवी लॅपटॉपचं वायफाय कार्ड राउटरचं ऐकत बसलेलं असतं. नेट तारेतून यायला लागलं की ते कार्ड रिकामटेकडं. मग त्यालाच कामाला लावायचं, ऐकण्याऐवजी बोलायला! लॅपटॉप स्वतःच राउटर होतो. सोसायटीचा वॉचमन कसा सगळ्यांची कुरिअर्स गेटवर घेतो आणि मग ज्याची त्याच्या फ्लॅटवर पाठवतो, अगदी तस्संच. बाहेरच्या जगाला गेट दिसतं, आतले फ्लॅट दिसत नाहीत. विंडोजमध्ये या गेटचा आतला पत्ता साधारणपणे १९२.१६८.१३७.१ असतो आणि जोडलेल्या प्रत्येक फोनला त्याच गल्लीतला एक नंबर मिळतो.

करायचं काय? विंडोज १० किंवा ११ मध्ये सेटिंग्ज, तिथे नेटवर्क, तिथे मोबाइल हॉटस्पॉट. 'कुठलं कनेक्शन शेअर करायचं' तिथे इथरनेट निवडा, 'कशावरून' तिथे वायफाय. नाव ठेवा, किमान आठ अक्षरांचा पासवर्ड टाका आणि बटण ऑन. आठ डिव्हाइसेसपर्यंत चालतं. मॅकवाल्यांना सिस्टिम सेटिंग्जमध्ये जनरल, मग शेअरिंग, मग इंटरनेट शेअरिंग.

हे आज एका बटणात होतं म्हणून कौतुक नाही वाटत. १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून कनेक्शन शेअर करता येतंय. एक्सपीच्या काळात लोक त्यासाठी 'अ‍ॅड हॉक' नेटवर्क करायचे, जे पुढे आलेल्या अँड्रॉइड फोनना दिसायचंच नाही. २००९ च्या विंडोज ७ मध्ये काळ्या खिडकीत कमांड टाइप करावी लागायची. साधं बटण आलं ते २०१६ मध्ये.

तर आमचं बटण ऑन झालं, पण रूमीच्या फोनला नेटवर्क दिसेचना! दहा वाजून वीस मिनिटं. तिचा फोन जुना, त्याला फक्त २.४ गिगाहर्ट्‌झ कळतं आणि माझा लॅपटॉप ५ वर ओरडत होता. एडिटमध्ये जाऊन बँड बदलला, दिसलं. ट्रायल कॉल सुरू केला, छान चाललं होतं... आणि अचानक सगळं बंद. का? तर माझा लॅपटॉप झोपला! दहा मिनिटं कुणी हात लावला नाही की झोपायचं, असं मीच कधीतरी सेट केलेलं. वॉचमन झोपला की कुरिअर कोण देणार? चार्जर लावला, स्लीप 'नेव्हर'वर टाकलं, माझा फोटोंचा बॅकअप आणि बाकीची डाउनलोड्स बंद केली.

एक गोष्ट मात्र आमच्या नशिबाची. राउटर पूर्ण गेला असता तर प्रोव्हायडरची तार थेट लॅपटॉपला लावावी लागली असती आणि तिथे बऱ्याचदा युजरनेम-पासवर्ड लागतो, जो राउटरच्या पोटात सेव्ह असतो आणि आपल्याला माहीत नसतो. काही केबलवाले तर कनेक्शन एकाच मशीनच्या मॅक अ‍ॅड्रेसला बांधून ठेवतात. मग दादाला फोन करा, दादा दुपारी उठणार! तेव्हा तो पासवर्ड आजच मागून कुठेतरी लिहून ठेवा. आणि लॅपटॉप ऑफिसचा असेल तर हा ऑप्शन कदाचित लॉक असेल. तो तोडायला जाऊ नका बॉस, एका घरात एकच बेरोजगार पुरे.

अकराला तिचं दार बंद झालं. मी हॉलमध्ये लॅपटॉपसमोर, हात मांडीवर ठेवून. या कॉलमची डेडलाइन बाराची होती आणि मी एक अक्षर टाइप करत नव्हते, उगाच काही हललं तर! अकरा चाळीसला ती बाहेर आली. 'एकदाही अडकलं नाही गं,' एवढंच म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

दुसरा राउंड सोमवारी आहे. घरमालकीण काकूंच्या मते राउटर 'भाडेकरूंची वस्तू' आहे, त्यामुळे नवा अजून आलेला नाही. सध्या तिघी मुली माझ्या लॅपटॉपवर जगतायत आणि मला तो उचलून कॅफेत न्यायची बंदी आहे.