कारभाऱ्याची वही उघडी असावी

महासंगणक म्हटला की आपल्याला यंत्र दिसते, ते चालविणारा कारभारी दिसत नाही. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने 'परम ८०००' उभा केला आणि डॉ. विजय भटकरांचे नाव सर्वत्र झाले. २०१५ साली राष्ट्रीय महासंगणन अभियानासाठी ४५०० कोटी रुपये मंजूर झाले. २०२४ मध्ये पुण्याच्या जी.एम.आर.टी. दुर्बिणीच्या कामासाठी 'परम रुद्र' आला. पण कोणाचे काम रांगेत आधी लावायचे, कोणाला किती जागा द्यायची, बिघाड कसा ओळखायचा, हे रोज पाहणारा माणूस घडतो कोठे? पुष्कळदा एखाद्या जाणत्याच्या हाताखाली. तो जाणता बदलून गेला की विद्याही त्याच्याबरोबर जाते.

वाणिज्याच्या विद्यार्थ्याला हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो. यंत्राचा घसारा आपण दरवर्षी लिहितो; ज्ञानाचा घसारा कोणत्या खात्यावर टाकावा? यंत्र जनतेच्या पैशाने आले, तर ते सांभाळण्याचे धडेही जनतेला खुले हवेत.

हे स्वप्नरंजन नव्हे. 'गॅलॅक्सी' हा जीवशास्त्रज्ञांचा संगणन-मंच. तो उभारण्याचे व राखण्याचे धडे त्याच्या कारभाऱ्यांनी लिहून सर्वांना मोफत दिले आहेत. लेखकाचे श्रेय राखावे; मग वापरा, बदला, भाषांतर करा. एकाने चूक दाखविली की धडा सर्वांसाठी सुधारतो.

कोणी म्हणेल, अशाने चोराला वाट सापडेल. पण कुलूप बसविण्याची रीत शिकविणे म्हणजे आपली किल्ली वाटणे नव्हे. परवलीचे शब्द तिजोरीत राहोत, रीत उघडी असो.

दुसरा आक्षेप भाषेचा. मी पांढुर्ण्याचा, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. पांढुर्णा आणि सौंसर मिळून २०२३ साली आमचा वेगळा जिल्हा झाला, पण संत्र्याच्या बागेतल्या मुलाला इंग्रजी धडा अजून डोंगरच वाटतो. त्याचे उत्तर मुंबईच्या आय.आय.टी.तील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने दिले आहे. सुमारे १० मिनिटांचा धडा. पडद्यावरची अक्षरे इंग्रजी, समजावणारा आवाज मराठी किंवा कानडी. त्यात लिनक्सचे धडे आहेत, आणि आजचे मोठे महासंगणक लिनक्सवरच चालतात. म्हणजे पहिली पायरी बांधून झाली आहे. पुढच्या आपण बांधायच्या.

वाचक मित्रहो, आपल्या अंकाचे मराठी व कानडी विभाग एकाच शिवणीत बांधलेले असतात. विज्ञान शाखेच्या मित्रांनी कारभाऱ्यांसाठीचा एक खुला धडा निवडून समजावून द्यावा. मराठीत उतरवायला मी बसतो. कानडीत कोण बसेल?