कॉफीचे थर आणि आपली चूल

शनिवार-रविवार आला की मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ कर्जत-खालापूरच्या रस्त्यांना लागते. या गाड्या ज्या फार्महाऊसांकडे आणि रिसॉर्टांकडे वळतात, तेथील स्वयंपाकघरांत राबणाऱ्या बायका बहुतेक आपल्याच गावांतल्या आहेत. जेवणानंतर तेथे काचेच्या पेल्यांतून एक गोड पदार्थ येतो : तळाशी कॉफीत भिजलेले बिस्कीट, त्यावर साईसारखा पांढरा थर, पुन्हा बिस्कीट, पुन्हा थर आणि माथ्यावर कोकोची भुकटी. नाव तिरामिसू. पेले भरणारी आपली, विसळणारीही आपली. पण हा पदार्थ तिच्या घरी मात्र कधी होत नाही. का, म्हणून विचारले तर उत्तर एकच : "ते आपलं नव्हे." या उत्तराशी माझे भांडण आहे.

आपले म्हणजे तरी काय? कर्जत स्टेशन साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाले ते बटाटेवड्यामुळे. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने जोडायची, तेवढ्या वेळात प्रवाशाने खिडकीतून दिवाडकरांचा वडा घ्यायचा, ही वर्षानुवर्षांची रीत. त्या वड्यातला बटाटा पोर्तुगीजांबरोबर आला, त्यातली मिरचीही त्यांच्याबरोबरच आली. आज बटाट्याला परका म्हणायची कोणाची छाती आहे? उलट हा तिरामिसू तर काल-परवाचा. इटलीतील त्रेव्हिझो नावाच्या गावी, 'ले बेक्केरिये' या खाणावळीत १९७०च्या सुमारास तो प्रथम झाला, असे सामान्यतः मानतात. म्हणजे आपल्या आज्यांहून तो वयाने लहान! नावाचा अर्थही साधा : 'मला वर उचल', म्हणजेच तरतरी आणणारा. राजवाड्याशी त्याचा काही संबंध नाही. बिस्कीट, कॉफी, अंडे, साखर आणि सायीचे एक मऊ चीज, एवढाच त्याचा संसार.

शिवाय त्याला भट्टी लागत नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या घरांत भट्टी नव्हतीच. मोदक वाफेवर, पुरणपोळी तव्यावर, श्रीखंड फडक्यात. केक आपल्याकडे पाहुण्यासारखा राहिला तो या भट्टीपायी. (कुकरमध्ये वाळू घालून केक करणाऱ्या गृहिणींच्या चिकाटीला माझा नमस्कार.) थरांच्या या पदार्थाला मात्र फडके, वाटी आणि सबुरी पुरते.

मी तो घरी करते. पहिल्यांदा केला तेव्हा आई म्हणाली, "श्रीखंडात बिस्किटं बुडवून त्याला इंग्रजी नाव दिलंस होय?" नाव इटालियन आहे एवढे सोडले, तर आई बरोबरच बोलली. मूळ पदार्थातले ते चीज, मस्कारपोने, साय गरम करून, तीत आंबट घालून, फडक्यात निथळत ठेवून करतात. आपला चक्का दह्याचा, म्हणून तो आंबटपणाकडे झुकतो, आणि कॉफीच्या कडवटपणाशी आंबटपणाचे जमत नाही. यावर उपाय दुकानात नाही, दह्यात आहे. दही म्हशीच्या दुधाचे हवे, लागल्याबरोबर बांधायला घ्यावे आणि गार जागी निथळू द्यावे. मग चक्क्याच्या निम्मी ताजी साय आणि पिठीसाखर घालून हलक्या हाताने फेटावे. अंडे मी घालत नाही. कच्च्या अंड्याची जोखीम आपल्या उन्हाळ्यात कशाला?

बिस्कीट मारीचे. मूळची लांबट बिस्किटे स्पंजासारखी पोकळ असतात, ती भरपूर कॉफी पितात. मारी पातळ आणि घट्ट. ती कडक, गार झालेल्या कॉफीत बुडवली की लगेच वर काढायची. चहात बुडवतो तशी बुडवून गप्पा मारीत बसलात तर पेल्यात लापशी होईल. कोको वाढण्याच्या वेळीच चहाच्या गाळणीतून भुरभुरावा, आधी घातला तर ओला होऊन काळा पडतो.

आणि जायफळ! आपल्याकडे कॉफी म्हटली की जायफळ आलेच, आणि श्रीखंडातही तेच जायफळ. चक्का आणि कॉफी यांची सोयरीक जुळवायला याहून चांगला मध्यस्थ कोण? पुष्कळ हॉटेलांतून या पदार्थात मद्य घालतात. मूळ कृतीत ते नव्हतेच, असे त्रेव्हिझोची मंडळी सांगतात. तेव्हा जायफळ घालणारे आपणच मुळाला अधिक जवळ, असे मी गमतीने म्हणते.

एक अडचण मात्र गमतीवारी नेता येत नाही. थर बसायला रात्रभर थंडावा लागतो, म्हणजे फ्रिज आणि वीज दोन्ही आली. खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. इतकी जुनी वीज ज्या मुलखात निर्माण झाली, तेथल्या ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या किती घरांत आज फ्रिज आहे, हे आपल्या वर्गातल्या वाडीवरच्या मुलांना विचारा. म्हणून 'कोणीही घरी करू शकेल' हे मासिकांतले गुळगुळीत वाक्य मी लिहिणार नाही. फ्रिज नसेल तर चक्का बांधून झाल्यावर थर लावावेत आणि अर्ध्या-पाऊण तासात खाऊन टाकावेत. बिस्किटे तेवढ्यात मऊ होतात. थर सुरीने कापल्यासारखे सुबक दिसत नाहीत, चवीत मात्र फार उणे नाही.

काही प्राध्यापक म्हणतील, खाण्यापिण्यावर इतकी शाई कशाला? कारण नजाकत ही पैसेवाल्यांची मिरास आहे, असे आम्हांला न बोलता शिकवले जाते. आमच्या हातांना ती येते. आठवड्याचे दोन दिवस, पगारावर, दुसऱ्यांच्या टेबलासाठी ती आम्ही रोज दाखवतो. मग सोमवारी घरी परतताना ती फाटकाशी ठेवून का यावी? स्टीलच्या डब्यात थर दिसत नाहीत, म्हणून आईने लग्नात आलेले काचेचे सहा पेले कपाटातून काढून दिले. तोवर ते फक्त पाहुण्यांसाठी होते.

स्नेहसंमेलनाच्या आनंदमेळ्यात दरवर्षी भेळ आणि सँडविच यांचेच स्टॉल लागतात. यंदा एक स्टॉल या पदार्थाचा लावावा, अशी सूचना मी आमच्या वर्गाच्या बैठकीत मांडली आहे. पेले धुण्याच्या पाळ्या मुलांनीही घ्याव्यात, या मुद्द्यावर बैठक अजून अडली आहे.