विशेष बाब म्हणून

मराठी भाषेतला सर्वांत लबाड शब्दप्रयोग कोणता, असं कोणी मला विचारलं, तर मी डोळे मिटून सांगेन – ‘विशेष बाब म्हणून’. ‘जरा सरकून घ्या’ हा त्याचाच धाकटा भाऊ. पण तो बिचारा गाडीत तिघांच्या बाकावर चौथा बसवतो आणि गप्प होतो. ‘विशेष बाब’ कागदावर येते, तिच्यावर शिक्का बसतो आणि मग ती जन्मात उठत नाही.

हे मी अधिकारवाणीने सांगतो, कारण तो शब्दप्रयोग मी स्वतः केला आहे. महापालिकेकडच्या अर्जात. तीन प्रतींत.

त्याचं असं झालं, की आमच्याकडे दुसरी मोटार आली. पहिली माझी, दुसरी चिरंजीवांची. वडिलांनी हे घर बांधलं तेव्हा त्यांच्यापाशी वाहन म्हणून एक सायकल होती. तिच्या मानाने आठ फुटी फाटक म्हणजे निव्वळ चैन. त्या आठ फुटांतून आज एक मोटार कशीबशी आत जाते – आरसे मिटून, पोट आत घेऊन. दुसरी रस्त्यावर राहते आणि जांभळावरचे पक्षी तिच्यावर रोज सकाळी आपला अभिप्राय नोंदवतात. तेव्हा फाटक सोळा फुटी करायचं, समोरचा फुटपाथ फोडून उतार करायचा, असं ठरलं. मंजूर नकाशात आठच फूट, म्हणून सवलतीचा अर्ज.

अर्जाला कारण लागतं. ‘दोन मोटारी घेतल्या, आता ठेवायला जागा नाही’ हे खरं कारण. पण ते कागदावर बरं दिसेना. मग मी लिहिलं, ‘अर्जदाराच्या मातोश्री वृद्ध असून त्यांना वाहनात बसणे-उतरणे सुलभ व्हावे, यास्तव विशेष बाब म्हणून...’ वास्तविक माझी आई चौऱ्याऐंशीव्या वर्षी मारुतीला आणि भाजीला पायी जाते. मोटारीत बसली की तिला मळमळतं.

यथाकाल एक तरुण इंजिनियर टेप घेऊन आले. त्यांनी फाटक मोजलं, कुंपण मोजलं, झाडाकडे बघितलं.

“काका, तुमच्या कुंपणाबाहेर आज दोन गाड्या उभ्या राहतात. फाटक रुंद झालं की एकच राहील. फाटकासमोर कोण लावणार? म्हणजे रस्त्यावरची एक जागा गेली, आत एक आली. शिल्लक शून्य.”

“पण आतली माझी असेल ना!” मी म्हणालो.

“तेच म्हणतोय मी,” ते म्हणाले आणि टेप गुंडाळू लागले.

जाताजाता त्यांनी जांभळाचीही आठवण दिली. आपल्याकडे झाडांचा कायदा १९७५ सालचा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नाशी उलटलेलं झाड ‘हेरिटेज’ ठरतं. (माणसाची पन्नाशी उलटली की लोक त्याला निवृत्तीची तारीख विचारतात.) तोडायची परवानगी मिळालीच, तर झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची. आमचं जांभूळ वास्तुशांतीच्या वर्षीचं, म्हणजे साठीच्या पुढचं. एका मोटारीला जागा नाही म्हणून अर्ज केलेल्या माणसाने साठ झाडं कुठे लावावीत?

मी चरफडत बसलो होतो. त्याच आठवड्यात आई पडली. चार घरं पलीकडे, शेजाऱ्यांच्या उतारावर. मनगट मोडलं. ती रस्त्यावरून का चालत नाही म्हणून मी तिला कालपर्यंत हसत होतो आणि फुटपाथवरून का चालतेस म्हणून आज रागावलो. ती प्लॅस्टरकडे बघत म्हणाली, “अरे, चार पावलं चढ, चार पावलं उतार. पंढरीच्या वाटेवर दिवेघाट निदान एकदाच लागतो.”

संध्याकाळी मी गल्लीतून चालत गेलो. मोटारीतून उतरून, मोजत. घरं चोवीस, फुटपाथ फोडून केलेले उतार सतरा. प्रत्येकाच्या घरी कोणीतरी वृद्ध मातोश्री असणार, प्रत्येकाची बाब विशेष असणार. सतरा विशेष बाबी एकापुढे एक ठेवल्या की जे तयार होतं त्याला नियम म्हणतात. आणि त्या नियमात चालणाऱ्याला जागा नसते.

इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शिका सांगते, की वस्तीतल्या फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. पुण्याने २०१६ साली पादचारी धोरणच मंजूर केलं. साध्या अकलेचा नियम तर असा, की फुटपाथ सपाट राहावा आणि चढ मोटारीने चढावा. तिला इंजिन आहे. आईला गुडघे आहेत. पण आपण मोटारीची दया करतो. २०२० च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत एका मोटारीला अडीच मीटर बाय पाच मीटर, म्हणजे सुमारे १३४ चौरस फूट जागा दिली आहे. मुंबईतल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्यान् पिढ्या संसार झाले. माझ्या मुलीला आम्ही दिलेली खोली दहा बाय बाराची. मोटारीने अभ्यासाला वेगळी खोली मागितली नाही, हे नशीब.

“मग गाड्या ठेवायच्या कुठे?” असं कोणी चिडून विचारील. मीही विचारत होतो. पण हा प्रश्न गाडी घेण्याआधीचा आहे. घोडा घेणारा आधी तबेला बघतो. दारात घोडा बांधून शेजाऱ्याचं अंगण मागत नाही. जपानने १९६२ सालीच कायदा केला. तिथे बहुतेक ठिकाणी, गाडी ठेवायची जागा कुठे आहे हे दाखवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. आपल्याकडे गाडी नावावर होते आणि रस्ता आपोआप आपल्या बापाचा होतो. माझ्या बापाचा तर नक्कीच नव्हता. त्यांची सायकल घरात, जिन्याखाली असे.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज मागे घ्यायला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी फाईल उलटसुलट करून पाहिली.

“अहो, फाटक मोठं करून द्या म्हणणारे रोज येतात. नको म्हणणारे पहिलेच. याला कुठला फॉर्म लावायचा?”

“काहीतरी करा,” मी म्हणालो. “घरी आईचा हात मोडलाय.”

त्यांनी एकवार माझ्याकडे पाहिलं, पेन उचललं आणि म्हणाल्या, “बरं, लिहा – विशेष बाब म्हणून...”