पोटगीचे वॉरंट आणि मुलाचा महिना

पोटगी थकली म्हणून निघालेले वॉरंट घेऊन पोलीस शिपाई एखाद्या घराच्या दाराशी उभा राहिला, की आसपासच्या बिऱ्हाडांत दोन तऱ्हेचे अभिप्राय ऐकू येतात. 'काही हजारांसाठी माणसाला कोठडीत घालायचे, हा कुठला न्याय?' असे एक पक्ष म्हणतो. 'बरी खोड मोडली,' असे दुसरा म्हणतो. दोन्ही पक्षांचे लक्ष त्या पुरुषाकडे असते. ज्या मुलाच्या पोटासाठी न्यायालयाने दरमहा रक्कम ठरवून दिली, त्याचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. वॉरंटामुळे बापाची अब्रू गेली की राहिली, हा प्रश्न गौण आहे. त्या महिन्याचे पैसे त्या महिन्यात मुलापर्यंत पोहोचले की नाही, हाच खरा प्रश्न आहे.

कायदा काय सांगतो ते प्रथम पाहू. पत्नी व मुले यांच्या निर्वाहाची तरतूद १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८८ म्हणून होती. १९७३ च्या संहितेत ती कलम १२५ झाली आणि १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ म्हणून अमलात आहे. कलमाचा आकडा बदलला, गाभा तोच राहिला. आदेश होऊनही पुरेशा कारणाशिवाय पैसे दिले नाहीत, तर दंडाची रक्कम जशी वसूल करतात तशी ती वसूल करण्याचे वॉरंट काढता येते. म्हणजे जंगम मालाची जप्ती व विक्री, किंवा जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीनमहसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली. एवढे करूनही जी बाकी उरेल तिच्यासाठी, प्रत्येक महिन्याच्या रकमेपोटी, एक महिन्यापर्यंत कैद देता येते आणि त्याआधी पैसे भरले तर सुटका होते. वसुली आधी आणि कैद नंतर, हा क्रम संहितेनेच घालून दिला आहे. लोकांच्या समजुतीत मात्र वॉरंट म्हणजे अटक, एवढेच उरले आहे.

ही समजूत थकबाकीदाराच्याही पथ्यावर पडते. 'महिनाभर आत बसून येईन, मग काय करतील?' अशी फुशारकी मारणारे महाभाग आपल्यापैकी काहींनी पाहिले असतील. त्यांना हे ठाऊक नसते की, कैद भोगल्याने देणे फिटत नाही. कैद हे वसुलीसाठी दडपण आणण्याचे साधन आहे, देणे फेडण्याचा मार्ग नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच स्पष्ट केले आहे. तुरुंगातून परतलेल्या माणसाच्या नावावर ती बाकी जशीच्या तशी उभी असते.

प्रस्तुत लेखक वकील नाही, अर्थशास्त्राचा अध्यापक आहे. त्यामुळे या प्रश्नाकडे त्याला वसुलीच्या अंगाने पाहावेसे वाटते. सावकाराचे कर्ज दोन वर्षांनी व्याजासह फिटले, तर सावकाराचे फारसे बिघडत नाही. मुलाचे देणे हे निराळ्या जातीचे देणे आहे. तिसरीतल्या मुलाच्या वह्यांचे पैसे तो सातवीत गेल्यावर मिळाले, तर हिशेबाची वही जुळेल, परंतु ते वर्ष परत येणार नाही. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीने परीक्षेच्या फीसाठी मुदत मागितली. वडिलांकडून पोटगी येणे होते, न्यायालयाचा आदेशही झाला होता. 'मग वॉरंट का नाही काढीत?' असे मी सहज विचारले. ती म्हणाली, 'सर, वडिलांना पकडून नेले तर मला फी कोण देईल? आणि नाही नेले तरी कोण देईल?' माझ्या विषयाच्या कोणत्याही ग्रंथात या प्रश्नाचे याहून नेमके विवेचन मला आढळलेले नाही.

आपल्या राज्यातीलच एक प्रकरण पाहावे. नागपूरच्या कुटुंब न्यायालयाने ऑगस्ट २०१३ मध्ये पत्नीला दरमहा १५,००० रुपये आणि लहान मुलाला ५,००० रुपये अंतरिम पोटगी मंजूर केली. मुलाची रक्कम सप्टेंबर २०१५ पासून १०,००० रुपये व्हायची होती. हा अंतरिम आदेश उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी त्यावर निकाल लागला. अंतरिम या शब्दाचा अर्थ तात्पुरता, आणि त्या तात्पुरत्या व्यवस्थेचा वाद सात वर्षे चालला! वास्तविक अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे २००१ च्या दुरुस्तीने म्हटले आहे. त्या निकालाने मात्र देशभरासाठी काही उपयुक्त दंडक घालून दिले. उभय पक्षांनी आपली मिळकत व देणी प्रतिज्ञापत्रावर सांगावीत, पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी, आणि दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणेही तिची वसुली करता यावी, हे त्यांतील मुख्य.

या शेवटच्या दंडकात आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार साध्या कर्जासाठी पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोनतृतीयांश भाग जप्तीतून सुटतो. पोटगीच्या हुकूमनाम्यात केवळ एकतृतीयांश पगार सुटतो. कायदेकर्त्यांनी मुलाचे देणे बँकेच्या देण्यापेक्षा वरचे मानले, ही गोष्ट त्यांना भूषणावह आहे. परंतु ही जप्ती मिळवण्यासाठी त्या आईलाच पुन्हा अर्ज करावा लागतो, पुन्हा तारखा घ्याव्या लागतात आणि नवऱ्याने नोकरी बदलली की नवा मालक शोधावा लागतो.

आता आपल्या, म्हणजे शिक्षक-कारकुनांच्या, पगारपत्रकाकडे पाहू. त्यात पतपेढीचा हप्ता कापलेला असतो, कारण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ ने सभासदाच्या संमतीवर तशी कपात मालकावर बंधनकारक केली आहे. १९७५ च्या कायद्याने आलेला व्यवसाय करही कापलेला असतो. फ्रिजसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता आपल्या हाती पडण्याआधीच वळता होतो. पोटच्या पोराचा हप्ता मात्र बापाच्या मर्जीवर आणि आईच्या हेलपाट्यांवर सोडलेला आहे. पोटगीचा आदेश झाला की त्याची प्रत आपोआप मालकाकडे जावी आणि पुढच्या पगारापासून कपात सुरू व्हावी, एवढी व्यवस्था झाली तरी पगारदारांच्या बाबतीत वॉरंटाची वेळ क्वचितच येईल.

यावर एक रास्त आक्षेप निघेल. पुण्यात सगळेच काही पगारदार नाहीत. रिक्षा चालवणारा, चाकणच्या कारखान्यात ठेकेदाराकडे राबणारा, रोखीचा धंदा करणारा, यांचा पगार कोठून कापणार? येथे शासनाने पुढे यावयास हवे. स्वीडनने १९३७ मध्येच अशी सोय केली की, बापाने पैसे दिले नाहीत तर शासनाने ते मुलाला आगाऊ द्यावेत आणि मागाहून बापाकडून वसूल करावेत. जर्मनीत १९८० पासून अशी योजना आहे. ती श्रीमंत राष्ट्रे, असे म्हणून हात झटकण्याचे कारण नाही. रोजगार हमीसारखी योजना कायद्याने बांधून घेऊन तिच्यासाठी नोकरदारांकडून व्यवसाय कर गोळा करण्याचे धाडस याच महाराष्ट्राने केले होते. न्यायालयाने ठरवलेल्या रकमेतील मुलापुरता भाग आगाऊ देण्याचा भार त्यापुढे खचित लहान ठरेल. शिवाय थकबाकीदाराचा पाठलाग एकट्या आईने करण्याऐवजी शासनाने केला, तर वसुलीची शक्यताही वाढेल.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हाळ्याचा आहे. ज्याची नोकरीच गेली किंवा जो अंथरुणाला खिळला, त्यालाही तुरुंगात घालायचे काय? मुळीच नाही. कायद्यातच 'पुरेशा कारणाशिवाय' हे शब्द आहेत, आणि परिस्थिती पालटली तर रक्कम बदलून घेण्याची सोयही संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. मात्र त्यासाठी वॉरंट निघेपर्यंत थांबू नये. उत्पन्न आटले त्याच महिन्यात न्यायालयात जाऊन सांगावे, जमेल तेवढी रक्कम भरीत राहावे आणि तिची पावती जपावी. जो गप्प बसतो, पत्ता बदलतो, शिपाई आला की मागच्या दाराने निघून जातो, तो आपल्या खऱ्या अडचणीलाही खोटी ठरवतो. आयांनीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. रक्कम देय झाल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला नाही, तर तिच्यासाठी वॉरंट मिळत नाही. भिडेपोटी गेलेले वर्ष मुलाच्या खात्यातून वजा होते.

कैदेची तरतूद रद्द करावी, असे कोणी यावरून समजू नये. पैसे असून न देणाऱ्यासाठी ती राहिली पाहिजे. परंतु ती शेवटची पायरी आहे, आणि तिच्या आधीच्या पायऱ्या आपण बांधल्याच नाहीत म्हणून आज साऱ्यांची नजर एकट्या तिच्यावर खिळते.

शासन या पायऱ्या बांधील तेव्हा बांधील. तोवर काही आपल्याही हाती आहे. 'तो येथे राहत नाही' असे शिपायाला सांगणारा भाऊ, सहकाऱ्याची पगारवाढ न्यायालयापासून दडवणारा कारकून, 'आपसात मिटवा' म्हणून त्या आईला परत पाठवणारा वडीलधारा, हे कोणी परके नव्हेत. ती आपलीच माणसे आहेत, कित्येकदा आपणच आहोत. मित्राला पाठीशी घातल्याचे समाधान आपल्याला मिळते आणि त्याची किंमत एक शाळकरी मूल भरते.