पाटीवर आंबा की आंबेवाला?

हापूसच्या बागायतदाराने स्वतःची वेबसाइट काढायची म्हटलं, की डोमेनच्या नावाबद्दल मिळणारा सल्ला जवळजवळ ठरलेला असतो: गिऱ्हाईक गुगलवर जे शब्द टाकतं तेच नावात घाला. मग हापूस, रत्नागिरी, ऑनलाइन असे शब्द एकापुढे एक जोडले जातात. हवं ते नाव आधीच कुणी घेतलेलं असेल तर मध्ये एखादा डॅश येतो. हा सल्ला एके काळी अगदीच पोकळ नव्हता. शोधलेला शब्द जसाच्या तसा नावात असला की साइट वर दिसण्याची शक्यता वाढायची, आणि त्या जोरावर पोकळ मजकुराच्या साइट्सचं पीकच आलं होतं. सप्टेंबर 2012 मध्ये गुगलच्या मॅट कट्स यांनी अशा सुमार साइट्सना खाली ढकलणारा बदल जाहीर केला. अमेरिकेतल्या इंग्रजी शोधांपैकी 0.6 टक्के शोधांवर त्याचा परिणाम होईल, असं त्यांनी सांगितलं होतं. चांगल्या साइट्सना त्याचा जाच नव्हता, हे खरं. पण आता साइट चालवणाऱ्यांसाठीच्या प्राथमिक मार्गदर्शिकेत गुगल स्वतःच सांगतं, की नावातल्या कीवर्डचा क्रमवारीवर जवळपास काहीच परिणाम होत नाही. तरीही बाजारात सल्ला जुनाच चालू आहे.

मराठी मालाच्या बाबतीत तर या सल्ल्याचा पायाच डळमळीत आहे, कारण आपला कीवर्ड रोमन लिपीत एका रूपात राहतच नाही. हापूस लिहिताना कुणी यू घालतं, कुणी दोन ओ, कुणी सुरुवातीलाच दोन ए. शिवाय अल्फान्सो म्हणणारे वेगळेच. शोधयंत्र ही सगळी रूपं सांभाळून घेतं. ॲड्रेस बारमध्ये नाव टाइप करणाऱ्याला ती सोय नाही. एक अक्षर चुकलं की तो दुसऱ्याच्या दारात. देवनागरी नावाने हा घोळ मिटेल, असं कुणी म्हणेल. ‘.भारत’ हा पर्याय 2014 पासून आहे आणि तो घेऊन ठेवायला हरकत नाही. पण असा पत्ता कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की बऱ्याचदा एक्सएन आणि दोन डॅशनी सुरू होणारी अगम्य अक्षरमाळ उमटते, आणि ती पाहून ऑर्डर देणारा बिचकतो.

त्याहून मोठी अडचण मालकीची आहे. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या फळाला. हे नाव त्या साऱ्या मुलखाचं आहे, कुणा एका विक्रेत्याचं नाही. ट्रेडमार्क कायदाही मालाचं निव्वळ वर्णन करणारा शब्द सहसा एकाच्या नावावर करून देत नाही. वापराने तो त्याचीच ओळख बनला असेल, तरच. म्हणजे पाच वर्षं खपून अशा नावाची पत वाढवायची आणि शेजाऱ्याने शेवटी एक शब्द जोडून तसंच डोमेन घेतलं, की त्याला अडवायला हाती फारसं काही नाही.

यावर हमखास पुढे येणारं उदाहरण बुकिंग डॉट कॉमचं. नाव वर्णनाचंच, आणि तरी 2020 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी ते ट्रेडमार्कयोग्य ठरवलं. पण ते कशाच्या बळावर? ग्राहक या शब्दाकडे एका विशिष्ट कंपनीचं नाव म्हणून पाहतात, असा पुरावा समोर होता, आणि ती ओळख जगभर धंदा पसरलेल्या कंपनीची होती. एवढं होऊनही आपलं चिन्ह दुबळं आहे आणि जवळपासच्या नावांना अडवणं अवघड जाईल, हे त्या कंपनीने खटल्यातच मान्य केलं होतं. देवगडच्या बागायतदाराने हा दाखला घेऊन काय करायचं?

‘नावावरून माल कळला नाही तर माणूस येईल कशाला?’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. नुसतं घडवलेलं, अर्थहीन नाव रुजवायला पैसा लागतो, तो छोट्या धंद्याकडे नसतो. पण यावरचा तोडगा आपल्या बाजारपेठेत केव्हाचाच आहे. ‘चितळे बंधू मिठाईवाले’ या पाटीवर आधी माणसं आहेत, मग माल. डोमेनही तसंच घ्यावं: आडनाव, वाडी किंवा बागेचं नाव पुढे आणि त्याला जोडून एखादाच धंद्याचा शब्द, तोही सैल. हापूस, रत्नागिरी, पेटीचा भाव हे सगळं पानाच्या शीर्षकात आणि मजकुरात यावं. शोधयंत्र ते तिथे वाचतंच. घेण्याआधी ते नाव फोनवर एकदा सांगून पाहावं. ऐकणाऱ्याने स्पेलिंग विचारलं तर ते सोडून द्यावं. सैल शब्दाचा फायदा जूनमध्ये कळतो. मोसम संपला की तोच बागायतदार आमरस, कोकम, काजू आणि फणसपोळी विकायला काढतो, आणि ‘बागवाले’ म्हणवणाऱ्याला त्यासाठी नवी पाटी रंगवावी लागत नाही.